खुन्याचं नाव येताच

लेखिकाबाईंनी 'आणि खुनी दुसरा तिसरा कोणी नसून' एवढं टाइप केलं आणि कॉम्प्युटरने डोळे मिटले. पडदा काळा झाला. मग आज सकाळीच जन्माला आल्यासारखं ते मशीन अगदी पहिल्यापासून सुरू होऊ लागलं.

"अहो, धावा! मेला!"

"कोण, डॉक्टर?" सासूबाईंनी विणकाम थांबवून आशेने विचारलं.

"डॉक्टर कसला, कॉम्प्युटर!"

सासूबाईंचा चेहरा पडला. सुनेच्या रहस्यकथेतल्या डॉक्टरवर त्यांचा पहिल्या प्रकरणापासून राग होता. ही कथा एका साप्ताहिकात दोन वर्षं चालली होती आणि आज तिचं शेवटचं प्रकरण जायचं होतं. संपादकांचा फोन सकाळीच येऊन गेला होता. "बाई, पान मोकळं ठेवलंय. पाचपर्यंत मजकूर आला नाही, तर नाइलाज आहे. आमच्या मेहुण्यांनी एक शेवट लिहून ठेवलाय."

"कसला शेवट?"

"सगळे स्वप्नातून जागे होतात."

लेखिकाबाईंच्या हातातला फोन पडता पडता राहिला. दोन वर्षं जिवापाड जपलेले सहा खून स्वप्नात जमा होणार! आपल्या लेकराला कोणी भलतंच नाव ठेवावं, तसं त्यांना झालं. आणि शेवट दुसऱ्या कोणाला सांगून लिहून घ्यायचीही सोय नव्हती, कारण खुनी कोण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचं सगळं लिखाण असंच चालायचं. ओघात आलं की नाव आपोआप उमटायचं, आणि ओघ आला की त्या कोणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत.

हाताने लिहावं, तर स्वतःचं अक्षर त्यांना स्वतःला लागत नसे. मोबाइलवर लिहावं, तर "एवढ्याशा पडद्यावर फार तर पाकीटमारी होते, खून नाही," असं त्यांचं म्हणणं. आणि प्रकरण पुरं होईपर्यंत ते जतन करायचं नाही, हा त्यांचा नेम होता. अर्धवट जतन केलेलं प्रकरण अर्धवटच राहतं, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडला, की प्रकरण पार धुऊन निघायचं.

बाईंचे यजमान हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आले. जन्मभर लिफ्टा दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते आणि सगळी गल्ली त्यांना मेकॅनिक म्हणायची. मागच्याच आठवड्यात या म्हाताऱ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय धूर काढून जळाला, तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात टाका. मेकॅनिकनी नवा आणून स्वतः बसवला आणि दोन दिवस छाती पुढे काढून हिंडले. नव्याबरोबर आलेली वायर तेवढी आखूड निघाली. एक्स्टेन्शन बोर्ड माळ्यावर होता, पण माळ्यावर कोण चढणार? त्यांनी कॉम्प्युटरचा कॅबिनेट टेबलावरून उतरवून टेबलाखाली, भिंतीतल्या प्लगजवळ ठेवून दिला.

"कुठे बंद पडला?" त्यांनी विचारलं.

"खुन्याच्या नावापाशी."

"म्हणजे ओव्हरलोड." त्यांच्या मते जगातला कुठलाही बिघाड ओव्हरलोडच असे. त्यांनी झाकण उघडलं, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. "बस आता. लिही बिनधास्त."

बाई बसल्या. लिहिता लिहिता रंगल्या. या वेळी ओघ गायिकेकडे वळला होता.

"पाय हलवू नकोस गं," सासूबाई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या. "बसल्या बसल्या पाय हलवू नये. घरात कटकटी येतात."

"मी कुठे हलवतेय आई, तो आपोआप हलतो," बाई म्हणाल्या. हा संवाद त्या घरात लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून चालू होता, त्यामुळे दोघींनीही तो मनावर घेतला नाही. 'गायिकेने पडद्याआडून हात बाहेर काढला आणि त्या हातात' इथपर्यंत मजकूर आला, आणि पडदा पुन्हा काळा.

"काय होतं हातात?" सासूबाई उठून उभ्याच राहिल्या.

"आता मला तरी काय माहीत!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मेकॅनिक इरेला पेटले. गरम होत असेल म्हणून त्यांनी टेबलफॅन आणून उघड्या कॅबिनेटवर रोखला, तर मागच्या प्रकरणांचे कागद घरभर उडाले आणि सासूबाईंचा लोकरीचा गुंडा सोफ्याखाली गेला. मग त्यांनी बाईंना उठवलं आणि चाचणीसाठी स्वतः बसले. 'मशीन व्यवस्थित चालू आहे' हे एकच वाक्य त्यांनी पानभर टाइप केलं. मशीन खरोखरच व्यवस्थित चालू राहिलं.

"त्यात खून नाही ना," बाई म्हणाल्या. "खून घालून बघा."

त्यांनी 'खुनी' लिहिलं. काही नाही. 'खुनी खुनी खुनी' लिहिलं. पंखा संथ फिरत होता. सासूबाईंनी चष्मा सावरला, एका बोटाने शोधून शोधून 'खुनी डॉक्टर' असं टाइप केलं आणि सगळ्यांकडे अर्थपूर्ण पाहिलं. तरीही काही नाही.

बाई बसल्या, रंगल्या, या खेपेला वकिलाच्या गळ्यात फास पडत आला, आणि पुन्हा अंधार!

"याला मीच नको आहे," बाई हताशपणे म्हणाल्या. घड्याळाचा काटा चाराच्या पुढे सरकला होता. फोन वाजला. "बाई, मेहुणे इथे येऊन बसलेत," संपादक दबक्या आवाजात म्हणाले.

एवढं ऐकल्यावर मात्र बाईंमधली डिटेक्टिव्ह जागी झाली. "अहो, माझ्या कथेतला इन्स्पेक्टर काय म्हणतो? गुन्हा जसा घडला तसा पुन्हा घडवून बघा. मी लिहिते. तुम्ही मशीनवरची नजर हलवू नका."

"शाफ्टमध्ये उतरावंच लागणार," मेकॅनिक म्हणाले, आणि टॉर्च घेऊन टेबलाखाली उताणे झोपले. लिफ्टखाली उभा जन्म गेल्यामुळे त्यांना तिथे घरच्यासारखं वाटलं.

बाई लिहू लागल्या. पातेल्यातलं दूध उतू जावं तसा ओघ आला. बोटं धावू लागली, श्वास वाढला, सासूबाई देव पाण्यात घालून बसल्यासारख्या स्तब्ध झाल्या. आणि टेबलाखाली, टॉर्चच्या उजेडात, मेकॅनिकना एक पाऊल हलताना दिसलं. आधी हळूहळू, मग जोरात. एका झोक्याला त्यांचा चष्मा उडाला. पुढच्या झोक्याला अंगठा कॅबिनेटच्या तोंडावरच्या, मशीन पहिल्यापासून सुरू करणाऱ्या रीसेटच्या छोट्या बटणावर नेमका जाऊन आदळला.

"सापडला!" टेबलाखालून आरोळी आली. "खुनी सापडला!"

"अरे मग सांग की पटकन! कोण?" सासूबाई खाली वाकून ओरडल्या.

"तुझी सून!"

सासूबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तो बघायला पाहुणे बोलवावेत. "मी काय सांगत होते? इतकी वर्षं काय सांगत होते?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो," चष्मा शोधत बाहेर येताना मेकॅनिक पुटपुटले. "मेमरी बिचारी उगाच घासली."

बाईंचं मात्र कोणाकडे लक्ष नव्हतं. त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या होत्या. "सगळीकडे शोधणारा तोच," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणि करणाराही तोच. आई! खुनी इन्स्पेक्टर आहे!"

"अगंबाई!" सासूबाई मटकन बसल्या. डॉक्टर निर्दोष सुटला याचं दुःखसुद्धा त्या विसरल्या.

पाय न हलवता लिहिणं बाईंना शक्यच नव्हतं, तेव्हा कॅबिनेट हलवणं भाग होतं. मेकॅनिक एकदाचे माळ्यावर चढले, एक्स्टेन्शन बोर्ड काढला, तो सासूबाईंच्या खुर्चीपाशी जमिनीवर टाकला आणि कॅबिनेट पुन्हा टेबलावर चढवला. बाई पाय मनसोक्त हलवत एका दमात लिहीत सुटल्या. सासूबाई खुर्ची पुढे ओढून त्यांच्या खांद्यावरून वाचू लागल्या. इन्स्पेक्टर आरशासमोर उभा राहिला, त्याने स्वतःच्याच हातात बेड्या अडकवल्या, आणि प्रकरण संपलं. बाईंनी ते एकदाचं जतन केलं, ईमेलला जोडलं, आणि 'पाठवा' दाबलं. पाचाला थोडासाच वेळ होता.

तो थोडासा वेळ पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पट्टी अर्धी झाली, पाऊण झाली, अडली, पुन्हा निघाली. अखेर 'पाठवले' असं आलं. फोनही लगेच वाजला. "बाई, आला मजकूर! काय शेवट आहे हो! मेहुणे चप्पल घालून निघाले!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. "आई, गेलं! आपलं प्रकरण गेलं!" असं म्हणून त्या आनंदाने वळणार, तोच 'टक्' असा आवाज झाला आणि पडदा काळाठिक्कर पडला.

"मला वाटलंच होतं!" स्वयंपाकघरातून मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावत आले. "पॉवर सप्लायच आहे!"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं नाही. खाली पाहिलं. एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण बंद होतं आणि त्याच्यावर एक पाऊल अजूनही अधांतरी झुलत होतं. सासूबाईंनी ते घाईघाईने साडीत ओढून घेतलं आणि विणकाम हातात घेतलं.

"मी कुठे हलवत होते?" त्या म्हणाल्या. "तो आपोआप हलतो."