चाळीस ताटांचं वाण

गाव गोळा कसं करायचं ते आपल्याला आता पक्कं कळलं आहे, असा मोतीराम सरांचा समज होता. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "दीक्षा, ह्या खेपेस पाहाच तू. साहेबाले उभं राह्याले जागा सापडणार नाई, एवढं गाव शाळेत आणतो."

दीक्षानं भाकर थापता थापता वर पाहिलं. "मागल्या खेपेसबी असंच म्हनले होते तुमी."

मागल्या खेपेचा विषय सरांना आवडत नसे. मागल्या खेपेस पालकसभेला तिघं आले होते. त्यातला एक भिंतीला टेकून झोपला आणि दुसरा मोटर बंद करायला म्हणून जो गेला तो परत आला नाही. मंडल शिक्षणाधिकारी साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जाता जाता शांतपणे सांगितलं, की गावालाच शाळा नको असेल तर तेवीस मुलांसाठी ती कशाला चालवायची, शेजारच्या गावच्या शाळेत मिसळून टाकू. शेजारचं गाव चार किलोमीटरवर. मध्ये नाला. हे गाव तेलंगणातलं, पण बोलणारं मराठी; तिथली शाळा तेलुगूतली. आणि इथली पहिलीतली पोरं अशी, की दप्तर पाठीला लावलं की मागं कलतात. तेव्हापासून सरांना धड झोप नव्हती.

साहेब संक्रांतीच्या सुट्टीतले उपक्रम पाहायला पुन्हा येणार होते. करीच्या दुसऱ्या दिवशी, अकरा वाजता. साहेबांनी स्वतः नार्नूरच्या एका भांडेवाल्याला गळ घालून पोरांच्या जेवणासाठी चाळीस स्टीलची ताटं मिळवून दिली होती, सर ती दुकानातून घेऊन आले होते, आणि वाटणार होते साहेब आपल्या हातानं. फोटोसकट. गाव दिसलं तर शाळा राहील, नाही दिसलं तर ही शेवटची संक्रांत, इतका साधा हिशेब होता.

गाव आणायची युक्ती सांगितली राहीबाईनं. ही गावातली सगळ्यात वडीलधारी बाई, तिचा शब्द बायकांत कोणी मोडत नसे. "पालकसभा म्हनसान त कुत्रं नाई यायचं सर. हळदीकुंकू हाये म्हना."

"येतीन?"

"नाई आल्या त माहं नाव बदला."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरांचं घर बौद्ध. आजीच्या वेळेपासून त्यांच्या घरात हळदीकुंकू होत नव्हतं. संक्रांत म्हणजे शाळेत वाटायचा तिळगूळ, तेवढीच त्यांना ठाऊक. त्यातून पुरुषमाणूस. हळदीकुंकवात बायका आत बसून नेमकं काय करतात याची त्यांना काडीची कल्पना नव्हती. विचारायला काय जात होतं? पण नाही विचारलं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी सगळं मनासारखं जुळून आलं. पोरांचे पतंग कडुनिंबावर अडकले होते, म्हणजे उडाले तरी होते. अंगणात रांगोळ्या झाल्या. घरटी शेर-शेर तांदूळ आणि पसाभर डाळ आली होती, ती सगळीच्या सगळी स्वयंपाकीण विमलबाईनं मागच्या चुलीवर चढवली. वर्गात सरांनी लांब टेबलावर नवी चादर अंथरली. तिच्यावर चाळीस ताटं ओळीनं, शेजारी पृथ्वीचा गोल, आणि टेबलाच्या टोकाशी राहीबाई, हळदीकुंकवाचा करंडा आणि तिळगुळाचा डबा घेऊन. सरांनी दारातून पाहिलं आणि त्यांनाच भरून आलं.

साडेदहाला बायका येऊ लागल्या. नवी लुगडी, नव्या साड्या, कडेवर पोरं. सर मोजत होते. दहा, पंधरा, बावीस. मग ते साहेबांना फोन करायला पाण्याच्या टाकीवर चढले, कारण गावात नेटवर्क तेवढंच आहे. साहेब म्हणाले, उशीर होतोय, बाराला पोचतो. फोन कटला, पुन्हा लागला, पुन्हा कटला. सर खाली उतरून वर्गात आले तेव्हा वीस मिनिटं झाली असतील.

वर्गात कोणी नव्हतं. टेबलावर चादर होती. फक्त चादर.

राहीबाई करंड्याचं झाकण लावत होती. "झालं बाप्पा सर. लय बेस झालं. अख्खं गाव खुश हाये तुमच्यावर."

"ताटं?" सरांनी चादर उचलून खाली पाहिलं.

"लुटलं ना वाण. एकेक देल्लं सगळ्याईले. शेवटाले रुपा राह्यली, नवी नवरी, तिले ताट पुरलं नाई. मंग तिले तो निळा चेंडू देल्ला."

सर मटकन बाकावर बसले. हळदीकुंकवाला बाईच्या हातात काहीतरी वस्तू द्यायची असते, तिला वाण म्हणतात, आणि बायका ती घेतल्याशिवाय उठत नाहीत, ही गोष्ट वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांना त्या बाकावर समजली.

"राहीबाई, ते पोराईचे ताटं होते."

राहीबाईचा हात तोंडावर गेला. "अगं माय. मंग करंड्याजवळ काऊन मांडले तुमी?"

सरांनी रिकामी चादर सारखी केली.

"वापस आनता येईन?"

"देल्लं वाण वापस मांगता?" राहीबाईनं असं पाहिलं, जणू सरांनी कोणाचं मंगळसूत्रच मागितलं होतं. "वर्साच्या सणाले? बाई काय म्हनंन? तिच्या घरी काई इपरीत झालं त तुमचंच नाव निघन."

साडेअकरा वाजत आले होते. सर पहिल्या घरी गेले. पूनमचं घर, तिची दोन्ही पोरं शाळेत. ताट चुलीमागं देवळीत उभं करून ठेवलं होतं, वर हळदीचं बोट लावलेलं.

"ताट बरं हाये ना?" सर म्हणाले.

"लय मस्त हाये सर. जाड हाये."

"जडबिड वाटते काय? नको असन त..."

"नको काऊन? पहिल्यांदाच शाळेतून काई भेटलं आमाले." पूनमच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुमी आमची आठवन ठेवली."

सर "हो हो, ठेवतो ना" असं काहीतरी बोलून मागच्या मागे निघाले. दुसऱ्या घरात ताट सासूनं पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं. तिसऱ्या घरात त्यांना त्याच ताटात चहाचा कप ठेवून दिला. तो त्यांनी उभ्यानंच प्यायला, जीभ भाजली, आणि ते शाळेकडे पळत सुटले. बारा वाजायला वीस मिनिटं होती. शाळा गेली, हेच डोक्यात. कोणत्या तोंडानं पोरांना सांगायचं, की तुमची शाळा मी वाणात वाटली?

विमलबाई चुलीपाशी खिचडी ढवळत होती. तिनं सगळं ऐकलं आणि झारा थांबवला.

"मले एका शब्दानं इचारलं असतं त?"

"चुकलं विमलबाई."

"आता मांगू नोका. जेवाले बलावा. आपापलं ताट घेऊन या म्हना. वाण मांगता येत नाई, पन ताट घेऊन जेवाले या म्हनता येते ना?"

"खिचडी पुरन?"

"गावानं तांदूळ देल्ला किती, पाह्यलं काय तुमी? तेवीस लेकरं हप्ताभर खातीन. आता निंगा."

सर पुन्हा गावभर धावले. दारादारांत एकच वाक्य: शाळेत जेवण हाये, वाणात भेटलं ते घेऊन या.

बाराला पाच मिनिटं असताना साहेबांची जीप नाल्याच्या पलीकडे दिसली. त्याच वेळी दोन्ही गल्ल्यांतून बायका निघाल्या, हातात ताट, मागं पोरं, पोरांमागं आज्या, आणि जेवण आहे म्हटल्यावर पुरुषही. जीप नाला ओलांडून येईपर्यंत अंगणात पंगती बसल्या. रुपासुद्धा आली. "वाणात भेटलं ते" असं सर म्हणाले होते, म्हणून ती बिचारी पृथ्वी मांडीत घेऊन पंगतीत बसली, आणि तिला, ताट नसलेल्या बाकीच्यांसारखंच, विमलबाईनं पळसाच्या पानावर वाढलं.

साहेब जीपमधून उतरले आणि फाटकातच थांबले. मागल्या खेपेस जिथं तीन माणसं होती तिथं दीडशे जेवत होती. त्यांनी चष्मा पुसला. मग पंगतीतून हळूहळू चालले. रुपापाशी थांबले, गोलाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं.

"भूगोल," सर घाम पुसत म्हणाले. "जेवताना भी थोडा अभ्यास, सर."

साहेबांनी मान हलवली. पुढं पूनमपाशी मात्र ते वाकले. ताटाच्या काठावर कोरलं होतं: शाळेच्या मुलांस सप्रेम भेट. साहेब तेलुगू, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण ही ताटं त्यांनीच पसंत केली होती. "हेडमास्टर गारू, ये तो वही प्लेट है. मेरे हाथ से देना था न?"

 उत्तर राहीबाईनं दिलं, जेवता जेवता, मान वर न करता. "साहेब, शाळेनं आमाले वाण देल्लं. ते घरी घेऊन जाऊ आमी, आमचं हाये. पन लेकराच्या हातानं रोज शाळेत धाडू, घासून पुसून. लेकराचं ताट आमच्या घरी, आमचं लेकरू शाळेत. त्यात काय इचारता?"

"क्या बोली?"

सर पुढं झाले. "सर, वो बोली, ताटाची सगळी जबाबदारी गाव ने ली है. धुलाई, देखभाल, ने-आण. रोज."

साहेबांनी पुन्हा पंगतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चाला बागुंदी," म्हणजे फार छान, आणि वही काढली. फोटो झाले. जाताना त्यांनी सरांचा हात हातात घेतला. ही शाळा कुठंही जाणार नाही, आणि इथली पद्धत इतर शाळांनी येऊन पाहावी असं मी लिहितो, असं ते म्हणाले. सरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

जेवणं झाली. बायकांनी ताटं घासली, पदरानं पुसली आणि घरी नेली. रुपानं गोलही नेला.

संध्याकाळी सरांनी दीक्षाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती शेंगा सोलत शेवटपर्यंत ऐकत होती.

"म्हंजे गावातल्या चाळीस बायकांले तुमी ताट देल्लं."

"देल्लं नाई दीक्षा, गेलं."

"अन् मले?"

"आपल्यात हळदीकुंकू कुठं असते..."

"हळदीकुंकू नसते, मालूम हाये मले," दीक्षा म्हणाली. "ताट त असते ना?"

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर सर नार्नूरला गेले. तिथं स्टीलच्या ताटांचं दुकान एकच. भांडेवाल्यानं त्यांना ओळखलं, खुर्ची पुढं केली, आणि त्यांनी एकच ताट मागितल्यावर तो काळजीनं म्हणाला, "क्यों सर, चालीस कम पड़ गए?"