शेषेराव काकांचं पेव

गेल्या शनिवारी सकाळी अकरा वाजता, चाकूरजवळच्या आमच्या गावात, भर ग्रामसभेत शेषेराव काकांना दारुडा ठरवलं गेलं आणि त्यांचं पेव मुरूम टाकून बुजवायचा ठराव झाला. वीस वर्षं वाइन जमवून एक घोटही न गिळलेला माणूस, आणि दारुडा. आधीच सांगते, ज्या पत्रकावरून हे घडलं ते मी लिहिलेलं होतं: 'पेवात बाटली, अब्रू बाटली'. मी दारूबंदीचं काम करते.

काका जहाजावर स्वयंपाकी होते. इटलीच्या एका बंदरात त्यांना तिथली लाल वाइन भेटली. ती दहा-बारा वर्षं गारव्यात आडवी निजवली तर सुधारते, हेही तिथंच कळलं. आता लातूर जिल्ह्यात गारवा कुठला? पण अंगणात आजोबांचं ज्वारी साठवायचं पेव होतं, जमिनीत खणलेलं, दोन पुरुष खोल, मे महिन्यातही थंड. त्यात पोत्यांवर बाटल्यांच्या ओळी लागल्या. सरकारी परवाना फ्रेम करून देवघराशेजारी.

बंद पेवात हवा कोंदते. म्हणून उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. विझला तर उतरायचं नाही. आमच्या पिढीला हे कुठलं ठाऊक? मला जमिनीतून उजेड दिसला आणि मी छापून मोकळी झाले, की आत भट्टी आहे.

ठराव होताच मुरमाचा ट्रॅक्टर आणि त्यामागं सगळी ग्रामसभा काकांच्या दारात आली तेव्हा काका एवढंच म्हणाले, "आधी चव घ्या, मग बुजवा." बारा वर्षांची बाटली वर काढली, काचेच्या सुरईत ओतली आणि स्वस्थ बसले.

"आता काय?" सरपंचबाईंनी विचारलं.

"घाई न्हाई. झोपंतून उठायलीय ती."

सगळी ग्रामसभा तासभर एका सुरईकडं बघत बसली. मग काकांनी वास घेतला, घोट तोंडात खेळवला आणि पितळी तस्तात थुंकून टाकला. गावचा खरा पिणारा नामदेव कळवळला. "काका, गिळा की. पाप लागंल."

"पोटात गेली की मुकी होती. जिभंवरच बोलती." काकांनी डोळे मिटले. "वाळला गुलाब. जुनं चामडं. डांबर."

"डांबर?" मागून कुणीतरी म्हणालं. "आपल्या रस्त्यात बी न्हाई तेवढं."

रस्त्याचे ठेकेदार म्हणजे सरपंचबाईंचे मालक. ते ट्रॅक्टरवरच बसले होते. गाव हसून लोटपोट. सरपंचबाईंनीही घोट घेऊन थुंकला आणि म्हणाल्या, "भट्टीची न्हाई ही." मी उठून माझं पत्रक खोटं असल्याचं सांगितलं. हात वर झाले, ठराव रद्द झाला. ट्रॅक्टर भरलेलाच परत गेला.

संध्याकाळी मी पहिल्यांदाच काकांबरोबर पेवात उतरले. कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी, अक्षर काकूंचं. 'आंबट. बरी.' 'सासूबाईंसारखी, उशिरा गोड.' 'ह्यांना आवडली, मला न्हाई.' शेवटच्या तीन चिठ्ठ्या कोऱ्या.

"काकू गेल्यापासून?"

"चव मला कळती की," काका म्हणाले. "पण वाद घालायला कोण हाय?"

पुढची बाटली ते येत्या रविवारी दुपारी उघडणार आहेत. मी जाणार आहे. तुम्हीही या, समोर बसा, आणि काकांचं म्हणणं पटलं नाही तर तोंडावर सांगा.