आमिष कोणी खाल्लं

त्या रविवारी जेवताना माझ्या तोंडात घास असता, तर पुढचं काहीही घडलं नसतं. पण घास नेमका संपला होता आणि समोर साडूभाऊ बसले होते. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी केलं नाही असं जगात काही नाही, आणि मी केलंय असं काही नाही. (मी एका कचेरीत जावक कारकून आहे. लोकांची पत्रं गावोगाव पाठवतो, स्वतः कुठे जात नाही.)

त्यांची नजर आमच्या कयाकवर पडली. न पडून सांगते कुणाला! होडी अकरा फुटांची, हॉल दहा फुटांचा. त्यामुळे तिचं पिवळंजर्द टोक स्वयंपाकघरात येतं. मी ती हौसेनं आणली तेव्हा हिनं दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तिच्यात कांदे-बटाटे ठेवायला सुरुवात केली.

"हिच्यातून एक तरी मासा घरात आला का हो?" साडूभाऊंनी विचारलं.

"पुढच्या रविवारी जेवायला या. मी पकडलेले मासे वाढतो."

"आणि नाही मिळाले तर?"

"तर कयाक तुमची!"

"चालेल. गच्चीवर कोथिंबीर लावीन तिच्यात. खाली भोकं तेवढी पाडावी लागतील."

भोकं! एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी केलेलं एकुलतं एक धाडस म्हणजे ती होडी. हिनं माझ्याकडे उतू गेलेल्या दुधाकडे बघावं तसं बघितलं.

बुधवारी मी आमिष आणलं. बोटाएवढ्या माशांचं गोठवलेलं पाकीट. (मोठा मासा लागावा म्हणून गळाला लहान मासा लावतात, एवढी विद्या मला होती.) दुकानदार म्हणाला, "चांगले आहेत साहेब, मी स्वतः खातो." मी मनात म्हटलं, विकणारा असंच म्हणणार.

पाकीट फ्रीझरमध्ये ठेवताना ही कडाडली, "अहो, मटारांच्या शेजारी?"

"चारच दिवस गं!"

"चार दिवसांत माझे मटार वास मारतील त्याचं काय?"

रविवारी पहाटे थंडी अशी, की चूळ भरली आणि दात आहेत की गेले ते कळेना. पण नवल म्हणजे हिनं न कुरकुरता दोन डबे भरून ठेवले होते. निळ्या डब्यात बर्फावर आमिष, स्टीलच्या डब्यात माझी न्याहारी.

"डब्यांची अदलाबदल करू नका म्हणजे झालं," ती म्हणाली.

"एवढाही खुळा नाही मी."

शेजारच्या टेम्पोवाल्यानं मला होडीसकट किनाऱ्यावर सोडलं. पहिल्यांदा बसायला गेलो तो होडी पुढे आणि मी गुडघाभर पाण्यात बसलेला. दुसऱ्यांदा जमलं. ओली पॅन्ट, गार वारा, हातात वल्हं धरलंय की वल्ह्यानं मला धरलंय तेच समजेना. गळ टाकला. आमिष मात्र झकास दिसत होतं, टपोरं आणि चकचकीत. (घरच्या फ्रीझरचा गुण, मी मनात म्हटलं.) माशांनाही ते पटलं असावं, कारण ते आमिष अलगद काढून नेत आणि गळ धुतल्यासारखा स्वच्छ परत करीत. एकामागून एक सोळा आमिषं गेली.

नऊ वाजता न्याहारी उघडली. तळलेले छोटे कुरकुरीत मासे! त्या गारठ्यात असं काही लागलं म्हणून सांगू, मी झाकणसुद्धा चाटून पुसून साफ केलं.

अकरा वाजले तरी मासा नाही. मला पिवळ्या होडीत हिरवीगार कोथिंबीर दिसायला लागली. माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात निळ्या डब्याकडे लक्ष गेलं. आत एक्केचाळीस मासे! मासे ते मासे. मी पकडले नव्हते एवढंच.

घरी येऊन डबा हिच्या हातात दिला. "आज छोटेच लागले बघ."

हिनं डबा उघडला. "सगळे एकाच मापाचे?"

"एकाच आईचे असतील."

"आणि बर्फासकट लागले?"

"बाहेर थंडी काय आहे माहितीये का तुला?" मी विषय बदलला. "न्याहारी मात्र फक्कड झाली होती हं!"

"हो का?" म्हणून तिनं गॅस पेटवला.

साडूभाऊ काट्यांसकट चौदा मासे जेवले. "वा! स्वतः पकडलेल्या माशाची चवच वेगळी!" चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. मी पाव आणि लिंबू चघळत बसलो.

"तुम्ही का घेत नाही?" मेहुणीनं विचारलं.

"मीच पकडलेत ना, दया येते."

"आमिष काय वापरलंत?" साडूभाऊ म्हणाले. मला असा ठसका लागला की तिघांनी पाठ चोळली. शेवटी ढेकर देऊन त्यांनी निकाल दिला, "राहू दे हो कयाक तुमच्याचकडे."

ते गेल्यावर मला राहवेना. सिंकपाशी जाऊन म्हटलं, "अगं, मी पाहुण्यांना आमिष खाऊ घातलं."

"काही नाही घातलंत," ही भांडी घासता घासता म्हणाली. "काल बाजारातून ताजे मासे आणले मी, त्याच मापाचे. निळ्या डब्यात तेच भरले होते. त्यातले सोळा तुम्ही समुद्रात घालवलेत, ते वेगळंच."

"म्हणजे मला मासा मिळणार नाही हे तुला आधीच माहीत होतं?"

"चौदा वर्षं झाली लग्नाला."

"आणि मी आमिषच घरी आणीन हेही?"

"दुसरं काय सुचणार होतं तुम्हाला? होडी गेली असती तर महिनाभर तोंड पाडून बसला असतात, ते कोण बघणार? झाकली मूठ राहिली ना? झालं तर!"

मला भरून आलं. अशी बायको मिळायला भाग्य लागतं. शिवाय मनावरचं ओझं उतरलं. आमिष कोणाच्याच पोटात गेलं नव्हतं!

"मग ते पाकीट अजून फ्रीझरमध्येच आहे?"

"छे! मटारांना जागा नको?"

"टाकून दिलंस?"

"चांगले मासे टाकवतात का? स्वच्छ केले आणि कुरकुरीत तळले." तिनं स्टीलचा डबा उचलून उजेडात धरला. "झाकणसुद्धा चाटलंत की हो! घासायचं कामच ठेवलं नाहीत."