शिळा सूर्य

चातुर्मासात आमच्या गंगापूर रोडवर सूर्याचा पुरवठा अनियमित असतो. त्र्यंबकच्या डोंगरावरून ढग एकदा खाली उतरले की मुक्कामच ठोकतात. याबद्दल आजवर कोणी तक्रार केली नव्हती. पण आमच्या इमारतीत आम्ही काही बायका सूर्यदर्शनाचा नेम करतो. सूर्य डोळ्यांनी बघायचा, हात जोडायचे, मगच जेवायचं. तोवर दूध-पाणी चालतं. यंदाचा माझा नेम लेकीसाठी होता. आरोहीचे दिवस भरत आले होते. तिची सुखरूप सुटका होईपर्यंत नेमात खंड पडू नये, एवढंच माझं मागणं.

आषाढात तिसऱ्या मजल्यावरची संजना, तिचाही हाच नेम, जिन्यात चक्कर येऊन खाली बसली. पडली नाही, बसली. तरी सोसायटीचे अध्यक्ष कोंडाजीअण्णा यांनी घटनेची गंभीर दखल घेतली. अण्णा सरकारी खात्यातून निवृत्त झालेत, पण खात्याची भाषा त्यांनी घरी आणली आहे.

"सदस्यांना वेळेवर सूर्य मिळत नसेल, तर सोसायटी नेमकी करते काय?" त्यांनी तातडीच्या सभेत विचारलं.

यावर पाचव्या मजल्यावरचा अश्विन उभा राहिला. सूर्याचे फोटो काढायचा त्याला नाद. आजवर त्याच्या नादाला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे बिचारा लगेच घाईने बोलू लागला. "अण्णा, विरळ ढगातून सूर्य क्षणभर डोकावतो. काकूंचं लक्ष तेव्हा कुकरकडे असतं. गच्चीवर दुर्बीण आणि तिला कॅमेरा लावून ठेवला, तर तो क्षण सापडेल. फोटो ग्रुपवर टाकायचा. काकूंनी बघायचा आणि जेवायचं."

फोटोतलं दर्शन चालतं का, हे अण्णांनी त्र्यंबकच्या एका गुरुजींना फोनवर विचारलं. गुरुजी कुठल्याशा पूजेच्या गडबडीत होते. "भाव महत्त्वाचा," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. इतिवृत्तात याची नोंद 'धार्मिक ना-हरकत प्राप्त' अशी झाली.

मग दुर्बीण निवडण्याची सभा भरली. अश्विनने घरची छोटी, भिंगाची दुर्बीण टेबलावर ठेवली. तोंडाला सूर्याचा फिल्टर लावलेला होता.

"ही एवढीशी?" अण्णा म्हणाले. "आपली इमारत सात मजली आहे."

"सूर्याला प्रकाश कमी नाही, अण्णा. दिवसा गच्ची तापते, वरची हवा हलते. मोठ्या दुर्बिणीत ते हलणंच जास्त दिसतं. आपल्या आकाशाला लहानच बरी."

"लोकांना काय सांगू? सूर्य एवढा मोठा आणि आणलं काय, तर पेला?"

एक तिसराही प्रकार असतो म्हणे. त्यात सूर्य लालभडक दिसतो आणि त्याच्या कडेच्या ज्वाळासुद्धा दिसतात. संजनाने शंका काढली, "लाल सूर्य उगवतीचा. तो दुपारी बाराला बघितला, तर दर्शन सकाळचं धरायचं की दुपारचं?" शंका रास्त होती. ती पुढच्या सभेकडे पाठवण्यात आली.

शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. आकाश रोज बदलतं, सबब दुर्बिणीही वेगवेगळ्या असाव्यात. निरभ्र आकाशाला मोठी. धूसर आकाशाला लहान. विरळ ढगांना लाल.

"आणि पूर्ण ढगाळ आकाशासाठी कोणती?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण ढगात काहीच दिसत नाही, अण्णा."

"म्हणूनच म्हणतो, त्यासाठी सगळ्यात चांगली हवी. आपली खरी अडचण तीच आहे."

आमची लिफ्ट महिनोन्‌महिने दुरुस्त होत नाही, पण दुर्बिणी आठवड्याभरात आल्या. पूर्ण ढगाळ आकाशाची दुर्बीण म्हणून दुकानदाराने मोठ्या दुर्बिणीसारखीच आणखी एक दिली. तिला टोपी होती. ती काढायची नाही, असं त्यानेच सांगितलं.

पहिला फोटो ग्रुपवर आला आणि अण्णांनी तो परत पाठवला. "सूर्यावर डाग आहेत. काच पुसून पुन्हा काढा."

"ते सूर्याचेच डाग आहेत, अण्णा."

"मग तसं लेखी द्या. उद्या कोणी म्हणेल, सोसायटीने पाडले."

यानंतर सुरक्षेचा मुद्दा निघाला. सूर्याकडे टक लावून बघितलं की डोळे जातात, ही गोष्ट खरीच आहे. आम्ही उगवतीला जेमतेम बघतो आणि मान खाली घालतो, हे मी हळूच सांगून पाहिलं. पण परिपत्रक निघालं: 'कोणाही सदस्याने उघड्या डोळ्यांनी सूर्य पाहू नये. सूर्यदर्शन केवळ सोसायटीच्या समितीमार्फत घ्यावे.' गच्चीला कुलूप लागलं. किल्ली अण्णांच्या देवघरात.

पुढे एकदा सलग पावसात समितीचा धीर सुटला. भर दुपारी ग्रुपवर सूर्याचा सुरेख फोटो आला, खाली 'आजचे दर्शन'. संजना जेवली, मी पान वाढायला घेतलं, आणि अश्विनने भोळेपणाने लिहिलं, 'हा मंगळवारचा ना?' संजनाने हातातला पेला आपटलेला वरच्या मजल्यापर्यंत ऐकू आला.

अण्णा समजूत घालायला माझ्याकडे आले. "मंजुषाताई, सूर्य तोच आहे हो."

"अण्णा," मी म्हटलं, "भातही तोच असतो. पण कालचा आज नैवेद्याला चालत नाही. मग शिळा सूर्य कसा चालेल?"

अण्णांना हे पटलं. त्यांना काही पटलं की मला भीती वाटते. त्याच संध्याकाळी 'आकाशस्थिती निश्चिती उपसमिती' नेमली गेली. यापुढे आधी आकाश कोणत्या प्रकारचं आहे ते ठरवायचं, त्यानुसार दुर्बीण निवडायची, मग फोटो, मग ताजेपणाचा दाखला, आणि मग ग्रुप. आम्ही नेमवाल्या बायका लाभार्थी. आम्हाला हजेरी सक्तीची.

उपसमितीची बैठक तळघरातल्या हॉलमध्ये भरत असे. हॉलला खिडकी नाही.

एके दिवशी तर मला आदल्या दिवसाचाही उपास होता. आदल्या दिवशी आकाश धूसर की विरळ ढगांचं यावर मतं समसमान पडली आणि वाद मिटेपर्यंत सूर्य मावळला. मी भिंतीला टेकून बसले होते. अण्णा म्हणाले, "आजची स्थिती काय धरायची?"

"वर जाऊन बघतो," अश्विन म्हणाला.

"आधी स्थिती ठरल्याशिवाय गच्चीची किल्ली देता येत नाही. नियम तुझ्यासमोरच झालाय."

एवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या जुलेखाभाभी रिकामी बादली घेऊन दारात आल्या. "अगं बाई, तुम्ही सगळ्या इथं अंधारात? बाहेर काय कडक ऊन पडलंय! मी चादरीपण वाळत घातल्या."

"भाभी, तुम्ही उपसमितीवर नाही," अण्णा अदबीने म्हणाले. "तुमचं निरीक्षण आम्ही अनौपचारिक समजू."

"समजा ना. चादरी तर औपचारिक सुकताहेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. "मंजूताई, तोंड बघा तुमचं, किती सुकलंय. उठा. आमच्यात पण चाँद बघायला कमिटी असते, पण ती ईदेपुरती. तुमची तर रोजची ईद झाली!"

त्यांनी हात धरून मला गेटपर्यंत आणलं. ढगांत मोठी फट पडली होती. चादरींवर, डबक्यांवर, समोरच्या कडुनिंबावर लख्ख ऊन होतं. मी क्षणभर वर बघितलं, डोळे मिटले, हात जोडले. पापण्यांच्या आत तांबडंलाल झालं. आरोहीचं नाव घेतलं. किती दिवसांनी अंगाला ऊब लागली.

घरी आले. वरण-भात, घेवड्याची भाजी वाढली. पाणी फिरवलं. पहिला घास उचलला आणि फोन वाजला. ग्रुपवर समितीचा निरोप होता: 'आकाशस्थिती निश्चित न झाल्याने आज सूर्यदर्शन झालेले नाही. लाभार्थींनी नोंद घ्यावी.' खाली संजनाचे जोडलेले हात. तिच्याखाली इतर बायकांचे.

घास हातातच राहिला. मी बघितला होता, याच डोळ्यांनी. पण बाकी सगळ्या उपाशी आहेत आणि मी एकटी जेवतेय, असं कसं? माझ्यापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. नेम लेकीसाठी होता. तिथे उगाच शंका कशाला ठेवायची? मी घास ताटात ठेवला, ताट झाकलं आणि दुरुस्तीचा निरोप येतो का, ते बघत बसले. खिडकीतून आलेलं ऊन झाकलेल्या ताटावर पडलं होतं.

माझ्यासाठी चहा घेऊन जुलेखाभाभी आत आल्या, त्यांनी ताट बघितलं, ऊन बघितलं आणि माझ्या हातातला फोन बघितला.

"मंजूताई, तो बिचारा स्वतः घरात आलाय," त्या म्हणाल्या. "त्याला आता दाखला कोणाचा आणायला लावता?"

मी फोनकडे बघितलं. अण्णा काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत होतं.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ दे. फक्त एवढं सांगा, आत्ता तुमच्याकडे ऊन आहे की ढग?

अहो, फोन कशाला उचलताय? खिडकी तिकडे आहे.