घाईत वर गेलेला पूल

अभियंते हरिहर नेने यांना पुलाच्या दुरुस्तीसाठी अठरा महिने मिळाले होते. काम वेगाने व्हावं म्हणून त्यांच्या साहेबांनी अकरा बैठका घेतल्या आणि त्यातले नऊ महिने बैठकांतच गेले. महामार्गावरचा हा पूल मधोमध उचलता येई, म्हणजे खाडीतल्या बोटींना वाट मिळे. पुलाने साठी गाठली होती; नेने दोनच वर्षांनी धाकटे.

"चाचण्यांचे पंधरा दिवस कापा," साहेब म्हणाले. नेन्यांनी मान डोलावली.

त्यामुळे पहिली चाचणी झाली ती उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी. दहा मिनिटांसाठी वाहतूक अडवली, पूल झोकात वर गेला आणि खाली यायचं नाव घेईना. तुंबलेल्या गाड्यांतल्याच एकीत नेन्यांची बायको उत्तरा आणि मुलगी ऋजुता नटूनथटून बसल्या होत्या. ऋजुताचा साखरपुडा पाच वाजता, पलीकडच्या काठावर.

"अहो, नेमका आजच कसा वर केलात?"

"काम लवकर आटपायचं होतं गं."

गर्दीत विश्राम पाटील होता. पस्तीस वर्षं हा पूल त्यानेच वरखाली केलेला, आता रिटायर.

"सायेब, लोखंड तापून फुगलाय. उन्हा उतरली का येल खाली."

पण थांबायचं म्हणजे उशीर! साहेबांनी फोनवरच तातडीची बैठक घेतली आणि पूल गार करायला, दिवा गावाला पाणी घेऊन निघालेले चार टँकर इकडे वळवले. टँकरांमागोमाग रिक्षा भरभरून दिव्याच्या बायका हंडे घेऊन हजर.

"आमचे नलाला आठ दिस पानी नाय, आन तुमी पुलाला आंगोल घालताव?" पुढे झालेल्या तुळसाने विचारलं.

नेन्यांनी पुलाकडे पाहिलं, मग हंड्यांकडे. उभ्या नोकरीत पहिल्यांदाच कुणाला न विचारता ते बोलले, "भरून घ्या."

उन्हं कलली तशी विश्रामने आपली होडी काढली. शालू सावरत, पेढ्यांचे बॉक्स मांडीवर घेऊन मंडळी निघाली. पलीकडे व्याही घड्याळ बघत उभे. होडी पुलाखालून पुढे सरकते न सरकते तोच मागे पूल कुरकुरला आणि अलगद खाली बसला. दोन्ही काठांवर हॉर्नचा जल्लोष झाला.

नेन्यांचा फोन वाजला.

"नेने! उतरला म्हणे! काय केलंत?"

"काही नाही, साहेब. खरंच काही केलं नाही."



"उत्तम. उरलेल्या तीन पुलांवरही हेच करा. फक्त निम्म्या वेळात!"