काडेपेटीचा बाक

आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या कुंदाताई कुठंही जाताना घडीचं स्टूल काखेत मारून निघतात. लग्नाला, दवाखान्यात, अगदी स्मशानातसुद्धा. एकदा स्टेशनवर जागा मिळेना, तर त्यांनी फलाटाच्या मधोमध स्टूल उघडलं. खोटं बोलत असेन तर नर्मदेत बुडवा, पण त्या उठेपर्यंत गाडीनं शिटी मारायची हिंमत केली नाही.

कुठलीही जागा पाहिली की त्यांचा एकच सवाल असतो : "अच्छा, पण बसायचं कुठं?" भेडाघाट पाहून आल्या तेव्हा म्हणाल्या, "एवढा संगमरवर पडून राहिला, त्यातून एक बाक नाही निघत?"

तर शहरातल्या म्युझियमची दुरुस्ती आणि विस्तार करायचं ठरलं, आणि आराखडा दाखवायला लोकांना बोलावलं. टेबलावर पुठ्ठ्याचं मॉडेल : काचेची नवी इमारत, उपाहारगृह, बोटाएवढी झाडं, नखाएवढी माणसं. तरुण आर्किटेक्ट भोपाळहून आलेला, बोलायला गुळासारखा. त्याचं संपतं न संपतं तोच मागून स्टूल करकरलं.

"दुसऱ्या दालनाच्या दाराशी बाक आहे. तो यात कुठं आहे?"

"दीदी, वो हटा रहे हैं. लोग रुकेंगे नहीं तो फ्लो बना रहेगा."

"फ्लो? लोकं काय नाल्याचं पाणी आहेत, वाहून राहिले?"

सभेत हशा पिकला. ताईंनी पिशवीतून काडेपेटी काढली आणि मॉडेलमध्ये नेमकी त्या दाराशी ठेवली. त्या मापानं बाक ट्रकएवढा झाला. आर्किटेक्टनं ती उचलली. ताईंनी परत ठेवली. त्यानं उचलली, ताईंनी ठेवली.

"दीदी, ज़िद मत कीजिए."

"ज़िद तू करून राहिला, बेटा. मी तर फक्त बसायचं म्हणते."

आम्ही निघालो तेव्हा काडेपेटी जागच्या जागी होती. आर्किटेक्ट घाम पुसत होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, एका बाकासाठी काहून एवढं?"

"चला," एवढंच म्हणून त्यांनी मला थेट म्युझियममध्ये नेलं. बाक तिथंच होता, लाकडी, एक पाय विटेवर टेकलेला.

"बाबांना दमा. त्यांचं म्युझियम इथवरच. ते बसायचे, मी पुढचं दालन पाहून यायची आणि त्यांना सांगायची. शेवटपर्यंत." मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बसा. मी आलेच."

पुढचं दालन मी पाहिलेलं आहे. फुटकी मडकी आणि गंजलेली नाणी, बाकी काही नाही.

ताई परत आल्या त्या डोळे चमकावतच. "भाऊ, आत दगडाचा हत्ती आहे! मला पाहून त्यानं कूस बदलली."

थापांमध्ये अख्ख्या चेरीतालात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी समजत होतो. मी सरकून त्यांना जागा केली.

"मग?"

"मग विचारतो कसा, बाबा नाही आले? म्हटलं, बाहेर बसले आहेत, दम लागला. तर म्हणाला, बसू दे, बसू दे. मीच येतो बाहेर."

चौकीदार किल्ल्या वाजवत आला. "चलिए साहब, बंद हो रहा है."

ताईंनी स्टूल उचललं. मी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि बाकाखाली सरकवलं.

"रुको भैया," मी म्हणालो, "अभी हाथी आ रहा है."