पाटी नसलेला प्लॉट

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माणसांवर लिहिणं हे जाणत्यांचं काम. मी ते करू पाहतोय याबद्दल आधीच माफी मागतो. पण सोनाळ्यातल्या आमच्या शेजारच्या गोदाकाकूंवर दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

काकूंचा नव्यावर विश्वास नाही आणि जुन्यावरही नाही. दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघतात. सोयाबीनचं नवं बियाणं आलं की एक ओळ नवी, एक जुनी, आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तारखेची पाटी. नवा साबण आणला की अर्धी चादर त्याने, अर्धी जुन्याने. पाहुण्यांना एकदा दोन वेगळ्या पत्तीचे दोन कप चहा दिले आणि मत दिल्याशिवाय उठू दिलं नाही. "पाह्यल्याबिगर बोलू नोको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या वर्षी त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. पहिल्या औषधांनी गुण येईना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी एका प्रयोगाबद्दल विचारलं. मी सोबत होतो. निम्म्या रुग्णांना नवं औषध, निम्म्यांना नेहमीचं. डॉक्टर बिचकत समजावत होते आणि काकूंचा चेहरा उजळत होता. हे तर आपल्याच वावरातलं! फक्त कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही कळणार नाही म्हटल्यावर त्या नाराज झाल्या.

"पाटीच नाही, तर थो प्लॉट कायचा?"

तरी सही केली. अट कडक होती. तीन महिन्यांनी हाडातली मज्जा तपासायची; आजार हटला नसेल तर प्रयोगातून बाहेर, आणि पुढे द्यायला डॉक्टरांकडे काही नव्हतं.

ते तीन महिने काकू घरी बसल्या नाहीत. मास्क लावून धुऱ्यावर उभ्या राहायच्या आणि तण निंदणाऱ्या बायांना तिथूनच झापायच्या. ताप किती, उलट्या किती, भाकरी किती, सगळं कॅलेंडरवर लिहायच्या. केस गळाले तेव्हा माझी आई रडायला लागली.

"सोयाबीनचा पाला गळते तवा कोणी रडते का वं?" काकू म्हणाल्या. "दाणा भरला म्हणतात त्याले."

भेटायला येणारे केळी आणि उतरलेला चेहरा घेऊन येत. काकू त्यांना पीक पाहायला शिवारफेरीवर आल्यासारखं कामाला लावायच्या. नखं पाहा, जीभ पाहा, मागच्या आठवड्याहून बरी आहे का सांगा. एकाने 'देवाची मर्जी' म्हणून हात जोडले. त्याला पुन्हा पहिल्यापासून पाहायला लावलं.

तपासणी झाली. आठ दिवस निकाल नाही. मी खामगावला कॉलेजात परतलो होतो. पुस्तक उघडायचो, पान उलटत नव्हतं. घरी विचारलं तर कळलं, काकू हरभरा पेरायला गेल्यात.

नवव्या दिवशी दवाखान्यातून मलाच फोन आला.

"गोदावरीबाईंचे चिरंजीव ना? आईंचा फोन लागत नाहीये."

काका जाऊन दहा वर्षं झाली, काकूंना मूलबाळ नाही. जवळचा नातेवाईक म्हणून फॉर्मवर त्यांनी काय लिहवून घेतलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"हाव," मी म्हणालो. "मुलगाच बोलतोय."

"मग आईंना सांगा, मज्जेत आजार दिसत नाही."